आत्याकडचं जुनं रोल-टॉप डेस्क (कुलपावर 'लीबस' लिहिलंय) : माहिती आणि दुरुस्तीसाठी मदत हवी

निशिगंध

नमस्कार मंडळी. एरवी मी नुसती वाचत असते, पण हा विषय जरा घाईचा आहे म्हणून धागा काढतेय. सदाशिव पेठेतला आत्याच्या सासरचा वाडा बिल्डरकडे चाललाय आणि दिवाळीच्या आत सगळं सामान हलवायचंय. त्यात तिच्या सासऱ्यांचं एक लिहायचं डेस्क आहे. ते शिवाजीनगर कोर्टात वकिली करायचे. घरात सांगतात की इंग्रज अधिकारी सामानसुमान विकून मायदेशी जायला लागले त्या सुमारास कॅम्पातल्या एका लिलावात त्यांनी हे घेतलं.

डेस्क साधारण साडेचार फूट रुंद आहे. दोन्ही बाजूला खणांचे उभे खांब, मधे पाय घालायला जागा, आणि वरती बारीक लाकडी पट्ट्यांचा पडदा जो दुकानाच्या शटरसारखा वर सरकतो आणि मागे गडप होतो. बाजूने बघितलं तर पडद्याचा आकार इंग्रजी एस अक्षरासारखा आहे. आत पत्रं ठेवायचे कप्पे, दोन चिमुकले खण, दौतीची जागा. पडद्याच्या कुलपाची पितळी पट्टी आत्याने चिंच लावून घासली तेव्हा 'लीबस' आणि खाली 'डेस्क' अशी अक्षरं दिसली.

अडचणी अशा. पडदा अर्ध्यात अडकतो आणि त्याच्या काही पट्ट्या मागच्या कापडापासून सुटल्यात. उजवीकडचे सगळे खण बंद आहेत, किल्ली एकच आहे आणि ती पडद्याची, खणांना किल्लीचं भोकच नाही. आम्ही दोन मिस्त्रींना दाखवलं. एक म्हणाले पडदा काढून टाका, वर सनमायका ठोकून कॉम्प्युटर टेबल करून देतो. दुसरे म्हणाले सगळं घासून मेलामाईन मारू, नव्यासारखं दिसेल. मला दोन्ही नकोय. आत्याला तर अजिबातच नको, तिचं लग्न झालं तेव्हापासून ती त्यावर हिशेब लिहितेय.

हे लीबस कोण? डेस्क किती जुनं असेल? आणि पुण्यात हे काम नीट कसं करून घ्यायचं?

चिमणबाग

वा, काय वस्तू आहे! आधी एक सांगा, लाकूड सागवान आहे की ओक? बाजूच्या फळीवर उजेड तिरका पाडून बघा, रेषांना आडवे असे चकाकणारे पट्टे दिसले तर ओक, आणि तोही क्वार्टर-सॉन म्हणजे ओंडका गाभ्याच्या दिशेने चिरून काढलेल्या फळ्यांचा. सागवानाला हे पट्टे असे दिसत नाहीत आणि हाताला किंचित तेलकट लागतं. विचारायचं कारण असं की अमेरिकन पॅटर्न बघून आपल्याकडच्या सुतारांनी सागवानात केलेली रोल-टॉप डेस्कं मुंबई-पुण्याच्या जुन्या सामानात अजून दिसतात, कुलूप बाहेरचं आणि लाकूडकाम इथलं असंही असू शकतं.

निशिगंध

@चिमणबाग, पट्टे आहेत! मोबाईलचा टॉर्च लावून बघितलं, दोन्ही बाजूंना आणि पडद्याच्या पुढच्या जाड पट्टीवर. पाठीमागची फळी पण साधी नाही, चौकटी करून बसवलेली आहे.

भांबुर्डेकर

मग ओकच, आणि कारखान्यातलंच असणार. पाठीला चौकटी आहेत म्हणजे ते ऑफिसच्या मधोमध ठेवायला केलेलं डेस्क आहे, भिंतीला लावायचं असतं तर पाठीवर एवढा खर्च कोणी करत नाही.

लीबसबद्दल सविस्तर लिहितो कारण हे घराणं मला फार आवडतं. लुई लीबस हा ज्यू सुतार, मूळचा ब्रेस्लाउचा, म्हणजे आजच्या पोलंडमधलं व्रोत्सवाफ. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तो इंग्लंडमध्ये आला, आधी हल बंदरात आणि मग लंडनच्या ईस्ट एंडमध्ये. ईस्ट एंड तेव्हा फर्निचरवाल्यांचं आगर होतं, शोरडिच भागात गल्लोगल्ली खुर्च्यांचे पाय करणारे वेगळे, पॉलिशवाले वेगळे, कोरीवकामवाले वेगळे. आपल्याकडे तांबट आळी, बुरुड आळी असायच्या त्याच रीतीने. बापाचा हा छोटा धंदा मुलाने, हॅरिस लीबसने, हाती घेतला आणि कुठल्या कुठे नेला. हॅरिसचा जन्म १८५२ चा, मृत्यू १९०७ चा. १९०० च्या सुमारास त्यांनी लंडनच्या उत्तरेला टॉटनहॅममध्ये ली नदीच्या काठाला नवा कारखाना काढला, नदीकाठ अशासाठी की लाकूड जलमार्गाने थेट दारात येतं. विसाव्या शतकात तो जगातला सगळ्यात मोठा फर्निचर कारखाना म्हणून ओळखला जायचा.

आता महत्त्वाचं. लीबस हे घाऊक विक्रेते होते. त्यांचा माल मोठमोठ्या दुकानांतून जायचा आणि दुकानदार आपलं नाव लावायचे, त्यामुळे लीबसची असंख्य कपाटं आणि साइडबोर्ड आज निनावी फिरतायत. डेस्कच्या कुलपावर मात्र ते स्वतःचं नाव घालायचे, म्हणून तुमच्या आत्याने ती पट्टी घासली हे फार बरं झालं. (पुढच्या वेळी चिंच नको, पितळेवरची जुनी अक्षरं झिजतात, मऊ कापड पुरे.) माझा अंदाज पहिल्या महायुद्धाच्या आगेमागचं डेस्क आहे.

आणि महायुद्धात या कारखान्याने काय केलं ते ऐका. पहिल्या युद्धात विमानं लाकडाची होती, लाकडी सांगाडा आणि वर ताणलेलं कापड. वाकवलेलं लाकूड आणि सरसाचे जोड ज्यांच्या हातात मुरलेत ते कोण, तर फर्निचरवाले. लीबसने हँडली पेज बॉम्बर आणि व्हिकर्स व्हिमी विमानांचं काम केलं. दुसऱ्या युद्धात तर हॉर्सा ग्लायडर. इंजिन नसलेलं, ८८ फूट पंखांचं अख्खं लाकडी विमान, दुसऱ्या विमानाने ओढत न्यायचं आणि शत्रूच्या भागात सोडून द्यायचं. ६ जून १९४४ च्या मध्यरात्री नॉर्मंडीत पेगॅसस पुलाशेजारी जे सैनिक उतरले ते हॉर्सातूनच. साडेतीन हजारांच्या वर हॉर्सा बनले, त्यातला फार मोठा वाटा लीबसचा. पट्ट्यांचा पडदा वळणावर न अडकता सरकावा म्हणून धडपडणाऱ्या कारागिरांच्या पुढच्या पिढीने ही विमानं जोडली, याचं मला अजूनही नवल वाटतं.

युद्धानंतर स्वस्त, साधं फर्निचर त्यांनी भरपूर केलं पण १९६९ च्या सुमारास टॉटनहॅमचा कारखाना बंद झाला आणि तिथे आता वसाहत आहे.

ओंकारेश्वर_घाट

अप्रतिम प्रतिसाद भांबुर्डेकर. वाचनखूण साठवली. यावर वेगळा लेख लिहाच.

तांबट_आळी

निशिगंध ताई, उजवीकडचे खण फोडू नका आणि मिस्त्रीला पटाशी घालू देऊ नका, आधी हे वाचा. त्या खणांना कुलूप आहे पण त्याची किल्ली म्हणजे तो पडदाच आहे. रोल-टॉपची खरी गंमत यात आहे. आपण पडदा वर ढकलतो तेव्हा त्याचं मागचं टोक पाठीच्या आतल्या बाजूने खाली उतरतं. तिथे एक खटका असतो, तो दाबला गेला की दोन्ही खांबांमधल्या उभ्या दांड्या हलतात आणि खण मोकळे होतात. पडदा खाली ओढला की दाब सुटतो, दांड्या आपल्या जागी येतात आणि सगळे खण एकदम बंद. मालकाने पडद्याला एकच किल्ली फिरवायची की अख्खं ऑफिस बंद. तुमचा पडदा अर्ध्यात अडकतोय म्हणून त्याचं टोक खटक्यापर्यंत पोचतच नाहीये, डावीकडची दांडी केव्हातरी झिजली किंवा कोणीतरी काढली असणार म्हणून ते खण उघडतात.

काय करायचं तर डेस्क भिंतीपासून पुढे घ्या, पाठीच्या चौकटीचे स्क्रू सोडा, टॉर्च लावून उजव्या खांबाची दांडी शोधा आणि हाताने हळूच वर उचला, नाही हलली तर खाली दाबून बघा, प्रत्येक कारखान्याची पद्धत थोडी वेगळी. दुसऱ्या माणसाने त्याच वेळी वरचा खण ओढायचा. गंजली असेल तर सिंगर मशीनचं तेल एक थेंब, जास्त नको, लाकडात मुरलं तर पुढे सरस धरत नाही.

आणि स्क्रू सोडताना त्यांच्या डोक्याकडे बघा. सगळे एका खाचेचे असतील तर मूळचे. अधिकच्या खुणेचे म्हणजे फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकात आले, ते दिसले तर नंतर कोणीतरी उघडून दुरुस्ती केलेली आहे असं समजा.

निशिगंध

तांबट आळी दादा, उघडले!! माझ्या नवऱ्याने मागून दांडी उचलली आणि मी पुढून ओढलं, पहिला खण सुटला आणि मग बाकीचे आपोआप. आत जुने टाक, निबांची डबी, कोर्ट फी स्टॅम्प आणि पक्षकारांच्या फीची एक वही आहे. आत्या ती वही घेऊन बसलीय, आज तिच्याशी दुसरं काही बोलता येणार नाही.

स्क्रू सगळे एका खाचेचे, फक्त डावीकडे खाली दोन अधिकवाले. म्हणजे दादा म्हणाले तसं तिथे कोणीतरी हात घातलेला आहे. खणांचे कोपरे कबुतराच्या शेपटीच्या आकाराच्या जोडाचे आहेत, सगळे अगदी एकसारखे.

चिमणबाग

एकसारखे म्हणजे मशीनचे डव्हटेल. हाताने कापलेले असते तर शेपट्या कमीजास्त असत्या आणि आखणीची बारीक रेघ दिसली असती. यात कमीपणा काही नाही हं, मशीनचा जोड असला तरी शंभर वर्षं खण ओढून तो हललेला नाही.

एरंडवणेकर

चर्चा छान चाललीय पण लीबसच्या आधीचा माणूस राहून गेला. हे डेस्क मुळात अमेरिकन आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरातल्या अॅबनर कटलरने १८८२ मध्ये रोल-टॉपचं पेटंट घेतलं आणि कटलर डेस्क कंपनीने ती घाऊक प्रमाणात काढली. इंग्रज कारखान्यांनी तो नमुना पुढे उचलला.

बफेलोच का, तर ईरी सरोवराचं टोक आणि १८२५ मध्ये सुरू झालेल्या ईरी कालव्याचं तोंड तिथे आहे. सरोवरांच्या भागातलं लाकूड एकीकडून यायचं आणि तयार माल कालव्याने, पुढे रेल्वेने, न्यूयॉर्ककडे जायचा. आणि काळ बघा. यादवी युद्धानंतर रेल्वे कंपन्या, विमा कंपन्या, बँका वाढल्या, पत्रव्यवहार कैक पटींनी वाढला, प्रत्येक मॅनेजरला कागद ठेवायला कप्पे हवेत आणि संध्याकाळी ते सगळे एका झटक्यात बंद करायला हवेत. टेबलावर पसारा तसाच ठेवा, पडदा ओढा, घरी जा, सकाळी काम जिथे सोडलं तिथून पुढे. दुसऱ्या कुठल्या डेस्कला हे जमत नव्हतं.

भांबुर्डेकर

@एरंडवणेकर, कटलरचं श्रेय मान्य पण 'मुळात अमेरिकन' हे मला पटत नाही. झाकण गोलाकार फिरून मागे जाणारं डेस्क फ्रान्समध्ये सव्वाशे वर्षं आधी होतं. पंधराव्या लुईसाठी व्हर्सायच्या राजवाड्यात केलेलं 'ब्युरो द्यु रुआ', १७६० मध्ये ओबेन नावाच्या कारागिराने सुरू केलं, तो १७६३ मध्ये वारला, आणि त्याच्याच कार्यशाळेतल्या रीझनेरने ते १७६९ मध्ये पुरं केलं. मधल्या काळात ओबेनच्या विधवेशी लग्न करून कार्यशाळाही रीझनेरनेच चालवली. त्या डेस्कलाही एकच किल्ली होती, ती फिरवली की झाकण आणि खण सगळं एकदम उघडायचं. म्हणजे तांबट आळींनी सांगितलेली गोष्ट राजाकडे आधीच होती. आणि कापडावर पट्ट्या चिकटवलेला पडदासुद्धा अठराव्या शतकातल्या फ्रेंच आणि इंग्लिश फर्निचरमध्ये सापडतो.

एरंडवणेकर

बरोबर आहे, आणि माझं म्हणणं त्याच्या विरोधात नाहीये. पण राजाचं डेस्क एक, त्याला नऊ वर्षं लागली. अखंड गोलाकार झाकण करायचं तर ते तंतोतंत वळवायला निष्णात माणूस हवा आणि लाकूड फुगलं-आकसलं की ते अडकतं. सारख्या मापाच्या पट्ट्या मशीनवर हव्या तेवढ्या काढता येतात, एक बिघडली तर तेवढीच बदलता येते. ही कल्पना कारकुनाच्या ऑफिसला परवडेल अशा किमतीला आणली ते कटलर आणि त्याच्या बरोबरीच्या अमेरिकन कारखान्यांनी. माझ्या लेखी शोधाइतकंच हे मोठं काम आहे.

त्याच काळातलं आणखी एक नाव सांगतो, इंडियानापोलिसचा विल्यम वूटन. त्याच्या १८७४ च्या पेटंटच्या डेस्कला दोन भलीमोठी दारं असायची, उघडली की शंभराहून जास्त कप्पे समोर. राष्ट्राध्यक्ष ग्रँट आणि रॉकफेलर यांच्याकडे वूटनची डेस्कं होती. दिसायला भव्य, पण जागा फार खातं आणि महाग, त्यामुळे रोल-टॉपने त्याला मागे टाकलं. वूटन पुढे धंदा सोडून क्वेकर पंथाचा धर्मोपदेशक झाला.

आजोळ

तुम्हा सगळ्यांचं वाचून राहवलं नाही. माझे वडील रेल्वेच्या गुड्स ऑफिसात हेडक्लार्क होते, त्यांच्या साहेबाकडे असंच डेस्क होतं. आम्ही मुलं डबा द्यायला जायचो तेव्हा तो पडदा खाली येतानाचा खडखड आवाज ऐकायला मुद्दाम थांबायचो, कारण त्यानंतर वडील आमच्याबरोबर घरी निघायचे. आमच्या घरी मात्र बैठं डेस्क, उतरत्या झाकणाचं, मांडी घालून लिहायचं. केसरीवाड्यात लोकमान्यांचं लिहायचं डेस्क ठेवलंय ते निशिगंधने आत्याला घेऊन जाऊन जरूर बघावं. आणि केळकर संग्रहालयात दौती आहेत, एकेक दौत बघत राहावी अशी. आत्याच्या डेस्कात दौतीची जागा रिकामी आहे म्हणून सांगितलं.

निशिगंध

आजोळ काकू, आत्याला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती म्हणाली आमच्याकडे पण तो आवाज आला की सासूबाई चहा टाकायच्या.

आता पडद्याचं काय करायचं ते कोणीतरी सांगा प्लीज.

रंधा

उशिरा आलो, गावी होतो. माझे वडील सुतार, मी नोकरी करतो पण सुट्टीत हेच काम करतो आणि रोल-टॉपचे पडदे केलेत. सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, घाई असली तरी पडद्याचं काम भर पावसात काढू नका. लाकूड ओलसर हवेत फुगतं, तेव्हा पट्ट्या एकमेकींना टेकवून चिकटवल्या तर उन्हाळ्यात त्यांच्यात फटी पडतील, आणि सरसही नीट वाळणार नाही. ऑक्टोबरचं ऊन पडू द्या. डेस्क हलवायला त्यासाठी थांबायची गरज नाही, ही डेस्कं सुटी होतात. वरचा पडद्याचा भाग, मधली लिहायची फळी, आणि दोन खांब असे तुकडे होतात, आतून स्क्रू असतात. वाड्याच्या जिन्यातून अखंड उतरवायचा प्रयत्न करू नका, हमालांना आधी दाखवा. खण काढून त्यांच्या पाठीवर खडूने नंबर टाका. खांबातल्या दांड्या दोरीने बांधून ठेवा, नाहीतर टेम्पोत हलून वाकतील.

पडदा पाठीमागून खाचेतून बाहेर निघतो. ओढू नका, एकाने वरून ढकलायचं आणि एकाने मागून झेलायचं. टेबलावर पालथा घाला आणि प्रत्येक पट्टीच्या मागे पेन्सिलने क्रमांक. हे विसरू नका, पट्ट्या दिसायला सारख्या पण शंभर वर्षं शेजारी राहून त्यांचा रंग एकमेकींशी जुळलेला असतो. मग जुनं कापड काढायचं. मूळ चिकटवण सरसाचं असणार, त्यामुळे कोमट पाण्यात पिळून घेतलेलं फडकं काही वेळ ठेवलं की ते मऊ पडतं आणि पटाशीच्या बोथट बाजूने खरवडता येतं. पाणी कमीत कमी. ओकमध्ये टॅनिन असतं, ओल्या ओकला लोखंड लागलं की काळा डाग पडतो आणि तो सहजी जात नाही, म्हणून लोखंडी खिळे किंवा तारेचा ब्रश जवळ आणू नका.

मग एक काटकोनी चौकट करायची, सपाट प्लायवर दोन बाजूंना सरळ पट्ट्या ठोकून. तिच्यात पडद्याच्या पट्ट्या पालथ्या, क्रमाने, घट्ट बसवायच्या. काटकोन चुकला तर पडदा खाचेत तिरका चालतो आणि पुन्हा अडकतो, तुमचा आत्ता अडकतोय त्याचं एक कारण हेच असेल, काही पट्ट्या सुटून तिरप्या झाल्यात. कापड सुती कॅनव्हास घ्या, घट्ट विणीचा, आधी धुऊन आटवून इस्त्री केलेला. रुंदीला पट्ट्यांपेक्षा कमी ठेवायचा, दोन्ही टोकं मोकळी राहिली पाहिजेत कारण ती खाचेत चालतात, तिथे कापड आलं की संपलं.

सरस रवाळ मिळतो, बोहरी आळीत विचारा. थंड पाण्यात रात्रभर भिजवायचा, मग पातेल्यात पाणी ठेवून त्यात दुसऱ्या भांड्यात गरम करायचा, ६० अंशांच्या आसपास, उकळी आली तर त्याची ताकद जाते. पट्ट्यांवर पातळ थर, कापड ताणून, आणि मधून कडेकडे दाबत न्यायचं. जास्त लावला तर फटीत उतरतो आणि दोन पट्ट्या एकमेकींना चिकटतात. पुरता कडक व्हायच्या आधी पडदा उचलून कडेवर हलका वाकवून बघायचा, चिकटलेल्या असतील त्या तिथेच सुटतात.

खाचेत तेल अजिबात नाही. धूळ ब्रशने काढायची आणि साधी मेणबत्ती फिरवायची.

ओंकारेश्वर_घाट

फेव्हिकॉल का नको? घट्ट बसेल, कटकट नाही, सरसाचा वासही नाही.

रंधा

घट्ट बसेल हे खरंय. पण पुढच्या पन्नास वर्षांनी कापड पुन्हा कुजणारच, तेव्हा जो कोणी हे उघडेल त्याला फेव्हिकॉल काढताना पट्टीचं लाकूड सोलून निघेल. सरस कोमट पाण्याने सुटतो. कटलरच्या काळापासून हे पडदे सरसावर चालले आणि म्हणूनच आज आपण ते दुरुस्त करू शकतोय.

निशिगंध

रंधा दादा, मनापासून आभार, प्रिंट काढून ठेवलंय. एक अडचण. सरस जनावरांच्या कातडी-हाडांचा असतो असं आत्याला कळलं आणि ती म्हणतेय घरात शिजवायचा नाही. काय करू?

रंधा

त्यांचं बरोबर आहे, वासही असतो. घरात शिजवूच नका, काम सुताराच्या शेडवर होऊ दे, पडदा एकटा गुंडाळून नेता येतो. आणि आत्यांना एवढं सांगा की डेस्कचे मूळ जोड त्याचेच आहेत, नवीन काही घरात येत नाहीये. तरी मन मानत नसेल तर त्यांच्या मनाविरुद्ध करू नका, मग साधा पांढरा गोंद अगदी पातळ लावा, वापर त्यांचा आहे.

चिमणबाग

पॉलिशवर कोणी बोललं नाही अजून. मेलामाईनला ठाम नाही म्हणा. मूळ पॉलिश लाखेचं असण्याची शक्यता जास्त. खणाच्या आतल्या कडेला कापसाच्या बोळ्याने स्पिरिटचा एक थेंब लावा, चिकट झालं तर लाख. लाखेचं पॉलिश वर्षानुवर्षं त्याच थरात दुरुस्त करता येतं. मेलामाईन मारायचं तर आधी सगळं घासावं लागतं, आणि त्या घासण्यात हात ठेवून ठेवून गडद झालेली कड, शाईचे डाग, किल्लीभोवतीचा झिजलेला भाग हे सगळं जातं. आधी नुसतं ओलसर फडक्याने पुसा, वाळू द्या, मग मेणाचं पॉलिश. अर्धं काम तेवढ्यात होतं.

भांबुर्डेकर

+१. शाईचे डाग ठेवाच.

पाषाण_लेक

किंमत किती येईल याची? माझ्या ओळखीत एकांना हवंय, त्यांची मुलगी अमेरिकेत असते, ती घेऊन जाईल म्हणाली.

निशिगंध

विकायचं नाहीये हो, आत्याच्या नव्या फ्लॅटमध्येच जाणार आहे.

एरंडवणेकर

@पाषाण_लेक, दुसऱ्या कुणाचं घेत असाल तरी लक्षात ठेवा. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे ऐतिहासिक महत्त्वाची शंभर वर्षांवरची वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. ती त्या व्याख्येत बसते का हे ठरवणं आपल्या हातात नाही, पुरातत्त्व खात्याकडून वस्तू पुरावशेष नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. भावाचं म्हणाल तर रोल-टॉपची मागणी जगभर उतरलीय, कॉम्प्युटरचा मॉनिटर त्या पडद्याखाली मावत नाही हे साधं कारण.

ओंकारेश्वर_घाट

मग ही डेस्कं बनायची बंद का झाली? कॉम्प्युटर तर खूप नंतर आला.

एरंडवणेकर

टाइपरायटर, कार्बन कॉपी आणि फायलिंग कॅबिनेट. पत्रं घडी करून कप्प्यात ठेवायची पद्धत होती तोवर ते बारके कप्पे कामाचे होते. कागद सपाट, उभा, फायलीत जायला लागला आणि कप्पे रिकामे पडले. दुसरं म्हणजे मोठ्या ऑफिसांत व्यवस्थापनाची नवी शिस्त आली, कारकुनाच्या टेबलावर काय पडलंय ते साहेबाला लांबून दिसलं पाहिजे, पडद्याआड काम साचून राहायला नको. म्हणून सपाट टेबलं.

आणि हे घडलं कुठे तर कटलरच्याच बफेलोत. तिथे लार्किन ही साबणाची कंपनी होती, तिच्यासाठी फ्रँक लॉइड राइटने बांधलेली ऑफिसची इमारत १९०६ मध्ये उभी राहिली आणि तिच्यासाठी राइटने धातूची टेबलं आणि कपाटं खास बनवून घेतली. पुढचं शतक पोलादी टेबलांचं झालं. ती इमारत १९५० मध्ये पाडली. आपल्याकडे गोदरेजने १८९७ मध्ये लालबागला कुलपांपासून सुरुवात केली आणि १९२३ मध्ये पोलादी कपाटं काढली. वाळवी लागत नाही, पावसात फुगत नाही, आपल्या हवेत लाकडाला याला उत्तर देणं अवघड होतं.

तांबट_आळी

वाळवीवरून आठवलं, निशिगंध ताई, नव्या फ्लॅटमध्ये डेस्क बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका, हात जाईल एवढी जागा सोडा. खांबांच्या तळाला बारीक भोकं आणि पिठासारखा भुगा दिसतो का ते आत्ताच बघा. दिसला तर सुताराकडे नेण्याआधी कीडनाशकाचं काम करून घ्या, नाहीतर त्याच्या शेडवरच्या इतर लाकडालाही लागेल.

निशिगंध

भुगा नाहीये, बघितलं. डेस्क सुटं करून हलवलं, रंधा दादांनी सांगितल्याप्रमाणे चार तुकडे झाले आणि जिन्यातून आरामात उतरले. भवानी पेठेत टिंबर मार्केटजवळ एक वयस्कर सुतारकाका मिळालेत, त्यांना प्रिंट दाखवली तर म्हणाले सरस मी लहानपणापासून शिजवतोय, कागद नको. पडदा त्यांच्याकडे आहे, दिवाळीआधी देतो म्हणालेत. आत्याने होकार दिला पण तिची एक अट आहे, पडद्याची किल्ली एकच आहे ती हरवली तर काय, दुसरी करून घ्यायचीय. किल्लीवाल्याकडे किल्ली न्यावी का कुलूप?

तांबट_आळी

दोन्ही न्या. पडदा तिथे सुटाच आहे तर पुढच्या जाड पट्टीतून कुलपाचे स्क्रू सोडवून अख्खं कुलूप काढून घ्या. मशीनवर नुसती नक्कल मारून देणाऱ्याकडे नको, कानशीने घासून करणारा शोधा. जुन्या किल्लीचे दात झिजलेले असतात, नक्कल त्या झिजेसकट होते आणि मग अडकते. कुलूप समोर असलं की तो आतल्या पत्त्या बघून दात बरोबर उंचीचे ठेवतो. आणि कुलूप परत बसवताना मूळचेच स्क्रू, त्याच भोकात. भोक सैल झालं असेल तर काडेपेटीची काडी सरसात बुडवून आत घालायची, वाळली की स्क्रू पुन्हा धरतो.